ट्रॅक्टरचं वय मोजू नका, टाय रॉड हलवून पाहा

गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसपट्ट्यात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. कुठे उसाची ट्रॉली दुचाकीवर उलटते, कुठे ट्रॅक्टर कॅनॉलमध्ये जातो, आणि दोन बाजू तावातावाने बोलू लागतात. पहिली बाजू म्हणते, चालक बेजबाबदार आहेत. कर्णकर्कश गाणी लावून, पिऊन, परवाना नसताना ट्रॅक्टर हाणतात. दुसरी बाजू म्हणते, रस्त्यावरचे निम्मे ट्रॅक्टर म्हातारे झालेत, पंधरा वर्षांवरचं सगळं भंगारात काढा. 2021 साली केंद्राचं वाहन मोडीत काढण्याचं धोरण आल्यापासून या दुसऱ्या बाजूला जोर चढला आहे. त्यावर शेतकरी उसळून उत्तर देतो, की ट्रॅक्टर म्हणजे मोटारगाडी नव्हे, तो विकला तर पेरणी कशाने करू? या सगळ्या भांडणात चर्चा होते ती माणसाच्या वागण्याची आणि यंत्राच्या जन्मसालाची. चालकाच्या हातातलं चक्र आणि पुढची दोन चाकं यांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांबद्दल आणि त्यांच्या टोकांच्या सांध्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. जुन्या ट्रॅक्टरचा सर्वांत दुर्लक्षित धोका त्याच्या स्टिअरिंगच्या सांध्यांत आहे. तो वयाने येत नाही, तपासणी न झाल्याने येतो. म्हणून ट्रॅक्टर भंगारात काढणं हे त्यावरचं उत्तर नाही आणि चालकाला तुरुंगात घालणं हेही नाही. दर हंगामाआधी या सांध्यांची सक्तीने तपासणी झाली पाहिजे, आणि तिची जबाबदारी व खर्च त्याने उचलला पाहिजे ज्याच्यासाठी हा ट्रॅक्टर रस्त्यावर ओझं ओढतो. ऊसपट्ट्यात याचा अर्थ साखर कारखाना.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण वाद भरकटतो तो इथेच. साध्या, म्हणजे पॉवर नसलेल्या स्टिअरिंगमध्ये चक्राचा दांडा खाली स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून एक आर्म बाहेर येते, तिला ड्रॅग लिंक जोडलेली असते, ती पुढच्या चाकाच्या आर्मला ओढते-ढकलते, आणि दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो तो टाय रॉड. या प्रत्येक जोडाच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, म्हणजे एका वाटीत बसवलेला पोलादी गोळा. त्यावर रबरी टोपी, आत ग्रीस, वर नट, आणि नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली कॉटर पिन. रबर फाटलं की चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं, मातीचे कण गोळा घासत राहतात आणि वाटीचं तोंड हळूहळू रुंदावतं. एक दिवस खड्ड्यात चाक आपटतं आणि गोळा वाटीतून निसटतो. काही जुन्या मॉडेलांत दोन्ही चाकांना स्वतंत्र ड्रॅग लिंक असते. तिथे एक निसटली, की एक चाक चालकाच्या हाती राहतं आणि दुसरं वाटेल तिकडे वळतं, जमिनीत रुततं, अख्खा ट्रॅक्टर त्या बाजूला खेचतं. किंग पिन, म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती जाड पिन, आणि तिचे बुश झिजले, हबचं बेअरिंग ढिलं झालं, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट हलू लागले, की याच मार्गाने तोच शेवट येतो. फरक इतकाच, की या झिजेची सूचना बरेच महिने आधीपासून मिळत असते. चक्र थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, ट्रॅक्टर रस्त्यावर नागमोडी चालतो, खड्ड्यात गेलं की चक्र हाताला झटका देतं. गावात याला ‘स्टिअरिंगला प्ले आलाय’ म्हणतात, आणि तेवढं म्हणून कामाला लागतात.

आता सेकंदांचा हिशेब करू. जुना ट्रॅक्टर रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने जात असेल, तर तो सेकंदाला जवळपास 7 मीटर पुढे जातो. आपला एकेरी ग्रामीण रस्ता 3.75 मीटर रुंद. ट्रॅक्टर-ट्रॉली मध्यातून चालली, तर दोन्हीकडे उरतो तो मीटरभर रस्ता. पुढे साइडपट्टी खचलेली, मग चारी, कॅनॉल किंवा कठडा नसलेली विहीर. पुढचं चाक आपल्या मनाने थोडंसं जरी वळलं, तरी एका सेकंदात ट्रॅक्टर हा मीटरभर पार करतो. काहीतरी बिघडलंय हे माणसाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो. मग ज्याला आपण चालकाची चूक म्हणतो, ती करायला तरी त्याला वेळ कुठे मिळाला? आणि ब्रेक दाबून काय होतं? जुन्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, ट्रॉलीला बहुधा नसतातच. जेमतेम दोन टनांचा ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागून त्याच्या कितीतरी पट वजनाचा ऊस त्याला ढकलत राहतो. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, ते शेतात आखूड वळण घेण्यासाठी. रस्त्यावर दोन्ही पेडल खिटीने जोडून ठेवायची असतात, पण खिटी मोडलेली किंवा विसरलेली असते. मग घाबरलेला पाय एकाच पेडलवर पडतो, एकच चाक अडतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते.

विरोधातला पहिला मुद्दा खरा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. ट्रॅक्टरचे बहुतेक अपघात स्टिअरिंग तुटून होत नाहीत. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते, क्षमतेबाहेर भरलेला ऊस वळणावर कलंडतो, उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेला ट्रॅक्टर आवरत नाही, पिलेला चालक झोपतो. हे सगळं घडतं, आणि रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा योग्यच आहेत. पण या कारणांची यादी नीट पाहा. क्षमतेबाहेर भरलेली ट्रॉली हे जसं स्वतंत्र कारण आहे, तसंच ते स्टिअरिंगच्या नाशाचंही कारण आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीचा भार हुकावर पडतो, मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा साधारण एक पंचमांश भाग पुढच्या चाकांवर हवा, नाहीतर चक्र फिरवूनही चाकं जमिनीला पकडत नाहीत, नुसती घसरतात. चढावर पुढचं चाक वीतभर उचललं जाताना ऊसपट्ट्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय. उचललेलं चाक खाली आदळतं ते थेट बॉल जॉइंटवर आणि किंग पिनवर. म्हणजे जास्त भरलेला ऊस आज ट्रॅक्टरची पकड काढून घेतो आणि उद्यासाठी सांधा खिळखिळा करून ठेवतो. चालकाची चूक आणि यंत्राचा दोष या दोन वेगळ्या पेट्या नाहीत. एकच वजन दोन्हींत पडतं.

शिवाय स्टिअरिंगमुळे किती अपघात होतात हे ठरवायचं कशावरून? अपघात झाला, गुन्हा नोंदला गेला, आरोपी चालक. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चालक मेला असेल तर प्रकरण तिथेच मिटतं. उलटलेल्या ट्रॅक्टरचा टाय रॉड तुटलेला आढळला, तर तो आदळण्याने तुटला असं गृहीत धरणं सोपं असतं. खरं म्हणजे तुटलेलं लोखंड स्वतःच साक्ष देतं. दिवसेंदिवस वाढत गेलेल्या भेगेचं तोंड काळपट, गंजलेलं, घासून गुळगुळीत झालेलं असतं, आणि शेवटच्या क्षणी तुटलेला भाग ताजा, चकाकता, दाणेदार दिसतो. एकाच तुकड्यावर दोन्ही रंग दिसले, तर तो तुकडा अपघाताआधीच अर्धा तुटलेला होता. निसटलेल्या बॉल जॉइंटची वाटी झिजलेली की फाटलेली, नटात कॉटर पिन होती की तार, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, उजेड आणि प्रामाणिक डोळा लागतो. पण हे पाहून पंचनाम्यात लिहायची सवय नसेल, तर आकडेवारीत स्टिअरिंग कुठून दिसणार? ज्या कारणाची नोंदच होत नाही, ते कारण दुर्मिळ आहे असं म्हणणं हा तर्क नव्हे.

माणसाला दोष देऊन यंत्राला मोकळं सोडण्याचा हा रिवाज फार जुना आहे. अमेरिकेच्या रेल्वेत एकोणिसाव्या शतकात डबे जोडायला कडी आणि खिळा असायचा. दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून मजुराने हाताने खिळा घालायचा. हजारोंची बोटं, हात, जीव गेले, आणि प्रत्येक वेळी कारण तेच सांगितलं गेलं, की कामगार गाफील होता. एली जॅनी याने आपोआप जुळणाऱ्या जोडणीचं पेटंट घेतलं 1873 साली, म्हणजे उपाय हाताशी होता. तरी कंपन्यांनी खर्चाचं कारण पुढे करून तो टाळला. अखेर 1893 साली अमेरिकी संसदेने कायदा करून स्वयंचलित जोडणी आणि एअर ब्रेक सक्तीचे केले आणि डबे जोडतानाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. मधल्या काळात कामगार काय एकदम सावध झाले होते? माणसं तीच होती. बदलली होती ती दोन डब्यांमधली जागा.

दुसरा आक्षेप जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजूने येतो आणि त्यात मी पूर्णपणे शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. साठ-सत्तरच्या दशकात महिंद्रा, एस्कॉर्ट्स, आयशर, स्वराज, एचएमटी यांनी जे ट्रॅक्टर इथे बनवले, ते दुरुस्त करता येतील असेच बनले होते. तालुक्याच्या गावातला मिस्त्री ते उघडतो, सुटा भाग मिळतो, इंजिन पुन्हा बांधता येतं. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने चालता ट्रॅक्टर मोडीत घालून नव्याचं कर्ज डोक्यावर घ्यावं, असं सांगणाऱ्याने त्याचा ताळेबंद एकदा पाहावा. वयावर बंदी घालणं अन्यायाचं तर आहेच, पण ते निरुपयोगीही आहे. सहा वर्षांचा ट्रॅक्टर हंगामभर रात्रंदिवस दोन ट्रॉल्या ओढत असेल आणि ग्रीस गन त्याच्या वाट्याला येत नसेल, तर त्याचे सांधे पस्तीस वर्षांच्या, फक्त स्वतःच्या शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त झिजलेले असतील. नोंदणीच्या पुस्तकावरची तारीख बॉल जॉइंटबद्दल काहीही सांगत नाही.

पण हाच दुरुस्तीचा गुण जुन्या ट्रॅक्टरच्या मुळावरही उठतो, आणि हे शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मोकळेपणाने बोललं पाहिजे. जे उघडता येतं ते कसंही बसवताही येतं. कॉटर पिन हरवली म्हणून तिच्या जागी खिळा वाकवला जातो, नाहीतर बांधायची तार. ढिला झालेला टाय रॉड एंड बदलण्याऐवजी वाटीवर हातोडा मारून तोंड आवळलं जातं. बुश मिळाला नाही तर टायरच्या रबराचा तुकडा कापून बसवतात. आणि सगळ्यांत घातक म्हणजे स्टिअरिंग आर्मला वेल्डिंग. ही आर्म ठोकून घडवलेल्या पोलादाची, नेमक्या तापमानाला कडक केलेली असते. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचं पोलाद बदलतं, ठिसूळ होतं, आणि नवी भेग जोडात न पडता जोडाच्या कडेला पडते. वरून रंग मारला की ती दिसतही नाही. नांगराच्या फाळाला वेल्डिंग मारावं, ट्रॉलीच्या फाळक्याला मारावं, स्टिअरिंगच्या एकाही दांडीला मारू नये. हल्ली जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंगचा किट बसवून घेतात. हात दुखत नाहीत हे खरं, पण सांधे न बदलता किट बसवला तर चक्राला बसणारा झटका, म्हणजे झिजेची जी सूचना हाताला मिळत होती, तीच मुकी होते. आणि तेलाचा पाइप फुटला किंवा उतारावर इंजिन बंद पडलं, तर हलकं झालेलं चक्र ऐन वेळी दगडासारखं जड होतं. मिस्त्री वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. पेरणीच्या दिवसात ट्रॅक्टर दारात उभा असतो, मालक घाई करतो, भाग शहरातून यायला दोन दिवस लागणार असतात. त्या दोन दिवसांसाठी म्हणून केलेली दुरुस्ती मग तीन वर्षं चालते.

तिसरं म्हणणं असं, की ट्रॅक्टर संथ असतो, मुख्यतः शेतात चालतो, त्याला मालमोटारीचे नियम कशाला? कायद्यानेही हेच मानलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे. मालमोटारीला ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र लागतं, ट्रॅक्टरची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं त्याच्याकडे कुणी पाहत नाही. स्वतःच्या बांधावर चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ही सवलत रास्त आहे. नांगरटीत सांधा निसटला तर बहुधा काम थांबतं, माणूस वाचतो. पण जो ट्रॅक्टर हंगामाचे चार-पाच महिने राज्य महामार्गावरून भाड्याने ऊस वाहतो, शाळेच्या आणि बाजाराच्या गर्दीतून जातो, तो त्या काळात काम मालमोटारीचं करतो आणि सवलत मात्र शेताची घेतो. आणि नियम नाहीत असंही नाही. याच 1989 च्या नियमांतला 98 वा नियम वाचा. चक्राचा ढिला फेर 30 अंशांपेक्षा जास्त नको, स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटांना रबरी टोप्या हव्यात, बोल्ट आणि पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या हव्यात. साडेतीन दशकांहून अधिक काळ हा नियम कागदावर आहे. त्यात फाटलेलं रबरही आहे आणि तारेची कॉटर पिनही. नवा कायदा मागायची गरज नाही, असलेला नियम शेताच्या बांधापर्यंत नेणारा माणूस हवा आहे.

आणि इथेच सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. माणूस म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, इन्स्पेक्टर म्हणजे आणखी एक हप्ता. तपासणीच्या नावाखाली चौकाचौकात ट्रॅक्टर अडवले जातील, पावती फाटेल, टाय रॉड तसाच राहील. ही भीती मी हलक्यात घेत नाही. 1983 चा धोकादायक यंत्रे विनियमन कायदा हा आपलाच अनुभव आहे. मळणीयंत्रात मजुरांचे हात तुटत होते, तेव्हाही मजूर बेसावध होते, पेंगत होते असं म्हटलं जायचं. कायदा आला, पेंढी आत सारण्याच्या तोंडाची रचना कशी हवी याचं मानक आलं, पण खेड्यापाड्यात जाऊन ती यंत्रं पाहायची कुणी याची व्यवस्था कधी नीट उभी राहिली नाही. तेव्हा नुसती सक्ती लिहून भागत नाही, हे मला मान्य आहे.

पण तपासणी म्हणजे लाचच, असंही नाही, आणि याचा पुरावा प्रत्येक कारखान्याच्या आवारातच उभा आहे. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला आणि 1923 साली तो देशभरासाठी आला. आज अधिकृत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कुठलाही कारखाना बॉयलर पेटवू शकत नाही, आणि ते प्रमाणपत्र सहसा बारा महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो, अध्यक्ष सपत्नीक पूजा करतात, त्याआधी हे सगळं झालेलं असतं. बॉयलर किती जुना आहे म्हणून कुणी तो मोडीत काढत नाही. त्याची भिंत आज किती जाड उरली आहे, हे पाहतात. मग ज्या कारखान्याला आपल्या आवारातल्या भट्टीची काळजी घेता येते, त्याच्या गव्हाणीपर्यंत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथपर्यंत, ऊस आणणाऱ्या शेकडो ट्रॅक्टरांच्या चार-पाच सांध्यांची काळजी घेता येणार नाही का? ते ट्रॅक्टर कारखान्याला अनोळखी नसतात. हंगामाआधी वाहतुकीचे करार होतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते, प्रत्येक वाहनाचा क्रमांक शेती विभागाकडे असतो, चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या गावपातळीवरच्या माणसाला, चालक नावाने माहीत असतो. राज्यात ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याची यंत्रणा लागू करता येते, तर करार करतानाच स्टिअरिंग पाहायची यंत्रणा अशक्य कशी?

तपासणी करायची कुणी, तर आरटीओच्या भरारी पथकाने नव्हे. सरकारी आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर नावाचा अभ्यासक्रम आहे, तिथली मुलं आणि त्यांचे निदेशक हे काम करू शकतात. काम काय आहे? पुढचा अॅक्सल जॅकवर उचलायचा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं, तर किंग पिन किंवा बेअरिंग. उजवी-डावीकडे हलवलं आणि खेळलं, तर टाय रॉड एंड. एकाने चक्र थोडं थोडं इकडे-तिकडे फिरवायचं, दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. कुठली दांडी हलते आणि पुढची हलत नाही, हे बोटांना लगेच कळतं. टोप्या फाटल्यात का, कॉटर पिना खऱ्या आहेत का, दांड्यांवर वेल्डिंगचा डाग आहे का, ब्रेक पेडलची खिटी जागेवर आहे का. पाच-दहा मिनिटांत एक ट्रॅक्टर होतो. दोन टाय रॉड एंड, टोप्या, पिना आणि ग्रीस यांचा खर्च मागच्या एका टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

हे करूनही काही ट्रॅक्टर उलटतीलच. त्यासाठी दुसरी एक गोष्ट जगाला ठाऊक आहे. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती संरक्षक कमान किंवा केबिन सक्तीची केली आणि पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही ती लावायला लावली. तिथले ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू जवळपास संपले. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांवर ही कमान औषधालाही सापडत नाही. मात्र ती पट्टा बांधलेल्या, आसनावर बसलेल्या एकट्या चालकाला वाचवते. मडगार्डवर बसलेल्याला नाही, ट्रॉलीत बसलेल्यांना तर अजिबात नाही. ट्रॅक्टरला आसन एकच असतं, आणि म्हणूनच मडगार्डवरचा माणूस गेला तर भरपाई देताना विमा कंपन्या हात वर करतात.

ट्रॉलीतली ही माणसं या वादात कुणाच्याच हिशेबात नसतात, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. 4 एप्रिल 2025 रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात शेतमजूर बाया मेल्या. सकाळी हळदीच्या रानात कामाला निघाल्या होत्या त्या. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तर प्रदेशात कानपूरजवळच्या घाटमपुरात भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून पंचवीसहून अधिक माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. दर दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, तेव्हा ट्रॉलीत भांडीकुंडी, पाल, शेरडं आणि तान्ही मुलं एकत्र असतात, शेकडो किलोमीटर, रात्रीच्या वेळी. त्या बाईला ट्रॅक्टर किती सालचा हे माहीत नसतं, चालक तिने निवडलेला नसतो, उचल मुकादमाकडून घेतलेली असते. टाय रॉडच्या टोकाशी काय आहे हे पाहण्याचा अधिकार सगळ्यांत कमी तिच्याकडे आणि त्यावर जीव टांगलेला सगळ्यांत जास्त तिचा. ट्रॉलीतून माणसं नेऊच नका हे म्हणणं बरोबर आहे, पण मजुरांना आणायला बस पाठवायची जबाबदारीही मग कारखान्यांवर टाकावी लागेल, आणि ती टाकण्याच्या बाजूने मी आहे.

उरतो एकच व्यवहारी प्रश्न, आणि वाहतूकदार तो हमखास विचारतील. तपासणीत ट्रॅक्टर नापास झाला आणि तो उभा राहिला, तर हप्ता कोण भरणार, शेतात तोडलेला ऊस वाळला तर कोण जबाबदार? म्हणूनच तपासणी हंगामात नको, हंगामाआधी हवी. खंडेनवमीला गावोगाव ट्रॅक्टर धुतले जातात, झेंडूच्या माळा लागतात, हळद-कुंकू वाहिलं जातं. गव्हाणीत पहिली मोळी पडायला त्यानंतर काही आठवडे असतात. तेवढ्या दिवसांत कराराच्या यादीतला प्रत्येक ट्रॅक्टर पाहून होतो. दोष निघाला तर सुटे भाग कारखान्याने द्यावेत आणि त्यांची किंमत वाहतुकीच्या बिलातून हंगामभर थोडी थोडी वळती करावी, जशी उचल वळती होते. हंगामात मधेच चालकाने स्टिअरिंग ढिलं झाल्याचं सांगून गाडी थांबवली, तर त्या दिवसाच्या खेपांचं भाडं कापू नये, हे करारात लिहिलेलं असावं. नाहीतर कुठलाही चालक ते सांगणार नाही. गेटवर रांगेत नंबर लागलेला असतो, खेप चुकली तर दिवस जातो, आणि ढिलं चक्र घेऊन तो पुन्हा रस्त्यावर येतो. पोलिसांनी आणि मोटार वाहन निरीक्षकांनी अपघातानंतरच्या अहवालात स्टिअरिंगच्या प्रत्येक सांध्याची स्थिती छायाचित्रासह नोंदवावी, आणि सांधा आधीच झिजलेला निघाला तर गुन्ह्यात मालकाबरोबर करार करणाऱ्याचंही नाव यावं. साखर आयुक्तालय दरवर्षी कारखान्यांना गाळप परवाना देतं. त्या परवान्याच्या अटींत ही एक ओळ घालायला विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.